घाटात पुलर ओढत नाही, बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) कमी वाटतोय. टर्बो बदलण्याआधी काय काय बघायचं?

नाशिकरोड_पुलर

नमस्कार मंडळी. माझी 40 टनी पुलर आहे, मागे तीन एक्सलचा 40 फुटी ट्रेलर. 2014 ची बीएस 3 गाडी, सहा सिलिंडर, 5.9 लिटर, 180 एचपी. पंप साधा मेकॅनिकल, कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही. टर्बो वेस्टगेटवाला (बूस्ट फार वाढला की जादा एक्झॉस्ट वळवणारी झडप), पुढे इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा). न्हावाशेव्याहून कंटेनर उचलायचा, अंबड किंवा सिन्नरला टाकायचा, परत येताना मिळेल तो माल.

रिकामी गाडी मस्त पळते. भरलेली असली तरी भिवंडी-शहापूरच्या सपाटीला फारसं कळत नाही. पण कसारा घाट लागला की जीव जातो. ज्या वळणाला थर्डमध्ये आरामात चढायची तिथे आता सेकंड टाकावा लागतो, आणि सेकंडमध्येही पाय पूर्ण दाबून ठेवला तरी आरपीएम चढत नाही. मागे काळा धूर इतका की मागचे गाडीवाले हॉर्न मारून हैराण करतात. डिझेलही जास्त जातंय. टर्बोची शिट्टी मात्र कमी नाही झाली, उलट पूर्वीपेक्षा मोठी येते.

एअर फिल्टर नवीन टाकलाय, डिझेल फिल्टरही. इंजिन ऑइल खात नाही. मिस्त्रीने नुसता आवाज ऐकून सांगितलं, टर्बो गेला, 35 हजार तयार ठेवा. कुणाला असा अनुभव आहे का? सीझन चालू आहे, गाडी फार दिवस उभी ठेवता येणार नाही.

कळंबोली_नाका

शिट्टी वाढली म्हणजे टर्बोच. आमच्याकडे रिकंडिशन टर्बो निम्म्या किमतीत मिळतो, टाका आणि मोकळे व्हा. नाहीतर पंपवाल्याकडून पंप थोडा वाढवून घ्या, घाट निघून जाईल.

पंपवाले_काका

पंप वाढवायचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. काळा धूर येतोय म्हणजे आहे तेच डिझेल पुरतं जळत नाहीये. त्यात अजून डिझेल घातलं तर ताकद वाढणार नाही, धूर वाढेल आणि एक्झॉस्टचं तापमान चढेल. घाटात तीस-चाळीस मिनिटं पाय पूर्ण दाबलेला असतो, तेवढ्यात पिस्टनचा माथा वितळलेला मी बघितला आहे. ॲल्युमिनियम आहे ते, लोखंड नव्हे.

आता मूळ मुद्दा. मी आयुष्यभर डिझेल पंप आणि नोझल केले, त्यामुळे माझी सवय अशी की आधी धूर विचारायचा, मग पाना उचलायचा.

बूस्ट कमी आहे आणि धूर काळा आहे: इंजिनला डिझेल मिळतंय, हवा मिळत नाही. म्हणजे टर्बोने दाबलेली हवा वाटेत कुठेतरी निसटते आहे, किंवा टर्बोला पुरेशी हवा आत घेता येत नाही, किंवा एक्झॉस्टकडून टर्बो फिरवायला हवा तेवढा जोर मिळत नाही.

बूस्ट कमी आहे आणि धूर नाही: मग डिझेलच कमी जातंय. टर्बो एक्झॉस्टच्या उष्णतेवर फिरतो. डिझेल कमी जळालं की उष्णता कमी, उष्णता कमी की बूस्ट कमी. असा बूस्ट कमी दिसला म्हणून टर्बो बदलणारे लोक आहेत, आणि बदलूनही गाडी तशीच राहते. तिथे डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी, लिफ्ट पंप, सक्शन लाइनमध्ये ओढली जाणारी हवा, हे बघायचं. तुमच्यासारख्या पंपावर इनटेक मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी पंपाच्या मागच्या डायफ्रामवर जाते. ती नळी चिरली किंवा डायफ्राम फाटला तर पंपाला वाटतं बूस्टच नाही, आणि तो डिझेल रोखून धरतो. धूर नसतो, गाडी ओढत नाही.

तुमची केस पहिल्या प्रकारची. कुणी विचारेल की मग बूस्ट कमी असताना डायफ्रामने डिझेल का नाही रोखलं? तो फक्त सुरुवातीचा भाग सांभाळतो. बूस्ट निम्म्यावर आला तरी डायफ्राम जवळजवळ पूर्ण दाबला जातो, डिझेल पूर्ण सुटतं, आणि हवा निम्मी. म्हणून काळा धूर. आधीच्या मालकाने तिथला स्क्रू फिरवलेला असेल तर आणखीच. सील तुटलंय का तेवढं बघून सांगा.

शिट्टी वाढली म्हणून टर्बो गेला, हे तर उलटं आहे. पाइप कुठे फुटला असेल तर टर्बोला तोच दाब तयार करायला जास्त वेगात फिरावं लागतं. म्हणून आवाज चढतो. त्या अवस्थेत नवीन टर्बो टाकलात तर तोही तसाच अतिवेगात फिरेल आणि लवकर जाईल.

नाशिकरोड_पुलर

काका, खूप धन्यवाद. सील जागेवर आहे, कंपनीचं दिसतंय. नळी आणि डायफ्रामचं मिस्त्रीला सांगतो. पण बूस्ट कमी आहे हे नक्की कसं कळणार? गाडीत गेज नाही.

सातारी_डिझेल

गेज बसवा की राव. साधं प्रेशर गेज, 0 ते 2 किंवा 0 ते 4 बारचं, हायड्रॉलिकच्या दुकानात मिळतं. सोबत एअर ब्रेकची 6 एमएमची नळी. काका म्हणाले त्या पंपाच्या नळीत टी (तीन तोंडी जोड) मारा, नळी खिडकीतून केबिनमध्ये घ्या, गेज डॅशबोर्डला चिकटवा. क्लिनर शेजारी बसून वाचतो. ड्रायव्हरने वाचायचं नाही, त्याने रस्ता बघायचा.

आणि एक, गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस करून बघू नका. न्यूट्रलमध्ये कितीही रेस द्या, बूस्ट येत नाही, कारण इंजिनवर लोडच नाही. गाडी भरलेली पाहिजे, चढ पाहिजे, पाय पूर्ण पाहिजे. आमच्याकडचे मिस्त्री उभ्या गाडीला रेस करतात, सायलेन्सरला हात लावतात आणि निकाल देतात. खंबाटकीला भरलेली गाडी घेऊन चल म्हटलं की गायब.

घाटमाथा

सातारी भाऊंशी सहमत. अशा इंजिनला पूर्ण लोडवर साधारण 1.1 ते 1.4 बार यायला हवा, नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतो. जुने मिस्त्री किलोत बोलतात. एक किलो म्हणजे साधारण एक बार, 14 पीएसआयच्या आसपास, गोंधळ करून घेऊ नका.

शक्य असेल तर एकाऐवजी दोन ठिकाणी मोजा. एक टर्बोच्या तोंडाशी, इंटरकूलरला जायच्या आधी. दुसरं मॅनिफोल्डवर. टर्बोशी 1.3 आणि मॅनिफोल्डवर 0.9 असं काही आलं तर इंटरकूलर आतून तुंबलाय. 0.2 बारपर्यंतचा फरक चालतो. दोन्हीकडे सारखाच कमी आला तर गळती, किंवा टर्बो फिरतच नाहीये तितका.

टेक्सासचा_मराठी

इथे ह्यूस्टनला राहतो. माझा पिकअप आहे 6.7 लिटर डिझेलचा, मागे मोठा कॅम्पर ओढतो, म्हणून धागा उघडला. पुलरमधलं मला कळत नाही, पण एक गोष्ट कामाची वाटेल.

ज्यांच्या गाड्यांना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आहे आणि जे स्कॅनरवर वाचतात, त्यांनी आकडा ॲब्सोल्यूट आहे की गेजचा ते आधी बघा. स्कॅनर मॅनिफोल्डचा पूर्ण दाब दाखवतो, त्यात बाहेरच्या हवेचा दाब धरलेला असतो. इंजिन बंद करून फक्त चावी ऑन केली तरी समुद्रसपाटीला तो 100 किलोपास्कलच्या आसपास दाखवेल. म्हणजे 220 दिसलं तर खरा बूस्ट 120, सव्वा बारच्या जवळपास. मी कोलोरॅडोला कॅम्पर घेऊन जातो. डेन्व्हर 1,600 मीटरवर आहे, तिथे बाहेरचाच दाब 83-84 असतो. तिथे स्कॅनरवरचा आकडा घरच्यापेक्षा कमी दिसला म्हणून लोक घाबरतात.

इंजिन बंद, चावी ऑन, अशा स्थितीत सेन्सर बाहेरच्या हवेएवढा दाब दाखवत नसेल तर आधी सेन्सरच काढून बघा. काजळी आणि तेलाने त्याचं भोक बुजतं.

घाटमाथा

नाशिककरांसाठी जोडतो: इगतपुरी 600 मीटरवर आहे, तिथे हवा न्हावाशेव्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ. त्याने थर्डचा सेकंड होत नाही. ‘घाटात हवा कमी असते म्हणून ओढत नाही’ असं कुणी सांगितलं तर चहा पाजून परत पाठवा.

ऊसवाला

मध्येच विचारतो, राग मानू नका. माझा 55 एचपीचा ट्रॅक्टर, टर्बोवाला. दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्याला. यंदा चढाला धूर ओकतोय, अगदी हाच प्रकार. तुमचं सगळं ट्रॅक्टरला लागू होतं का?

पंपवाले_काका

लागू होतं, पण तुमच्याकडे सुरुवात एअर क्लीनरपासून. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाचा भुगा आणि धूळ इतकी असते की आठवडाभरात फिल्टर भरतो. ट्रॅक्टरचे लोक फिल्टर टायरवर आपटून साफ करतात, त्याने घडी फाटते आणि धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर. बाहेरचा फिल्टर आतून बाहेर, कमी प्रेशरने फुंका. आतला छोटा सेफ्टी फिल्टर फुंकायचा नाही, धुवायचा नाही, बदलायचा. रिस्ट्रिक्शन इंडिकेटर असेल तर तो लाल झालाय का बघा. पाण्याच्या साधारण 25 इंचांच्या ओढीला तो लाल होतो.

फिल्टर तुंबला की आणखी एक भानगड होते. टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि सीलमधून तेल हवेत खेचलं जातं. पाइपमध्ये तेल दिसलं की मिस्त्री म्हणतो टर्बोचं सील गेलं. गेलेलं नसतं, फिल्टर बदलला की थांबतं.

ऊसवाला

आपटतोच आम्ही 😀 बघतो काका. धन्यवाद.

नाशिकरोड_पुलर

गेज बसवलं. पंपाची नळी, डायफ्राम ठीक. काल 26 टनांचा कंटेनर घेऊन घाट चढलो, पुतण्या शेजारी बसून वाचत होता. पूर्ण पाय, 1,900-2,000 आरपीएम, मॅनिफोल्डवर 0.5 बार. त्याच्या वर काटा जातच नाही. परत येऊन टर्बोच्या बाजूलाही टी मारला, तिथे 0.55 च्या आसपास. म्हणजे इंटरकूलर तुंबलेला नाही, बरोबर ना?

टर्बोचा शाफ्टही हाताने हलवून बघितला. आजूबाजूला थोडा हलतो, मागे-पुढे हलत नाही. मिस्त्री म्हणतो हाच प्ले, म्हणूनच टर्बो गेला.

सातारी_डिझेल

आजूबाजूचा थोडा प्ले असणारच. शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो, इंजिन बंद असलं की तेवढी जागा रिकामी असते. बघायचं ते हे: शाफ्ट एका बाजूला दाबून पंखा फिरवा, पंख्याचं पातं हाउसिंगला घासतं का? घासल्याची चमक दिसते का? मागे-पुढचा प्ले मात्र नसल्यात जमा पाहिजे. तो नाही म्हणालात, म्हणजे टर्बो निर्दोष मानून पुढे जा. निदान आज तरी 35 हजार वाचले.

पंपवाले_काका

0.5 आणि 0.55, म्हणजे इंटरकूलर मोकळा आहे. आता दोनच वाटा. हवा निसटते आहे, किंवा एक्झॉस्टची बाजू. आधी गळती, कारण ती स्वस्तात सापडते.

गळतीची टेस्ट अशी. एअर क्लीनरकडून टर्बोला येणारा होज काढा. टर्बोच्या तोंडाला बसेल अशी जाड पीव्हीसीची एंड कॅप घ्या, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. होजच्या तुकड्याने आणि दोन क्लिपांनी ती टर्बोच्या तोंडावर घट्ट करा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरा, पण रेग्युलेटर लावून, एक बारच्या वर नाही. कॅपच्या समोर तोंड आणून बघायचं नाही. सुटली तर दात घेऊन जाते. दोरीने किंवा जाड तारेने बांधून ठेवा.

मग साबणाचं पाणी फवारा. प्रत्येक होज, प्रत्येक क्लिप, इंटरकूलरच्या दोन्ही टाक्यांचे जोड, मॅनिफोल्डचं गॅस्केट, टीचे सांधे. सायलेन्सरमधून हवेचा आवाज येईल, त्याला घाबरू नका. थांबलेल्या इंजिनात कुठल्यातरी सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात, तिथून थोडी हवा जातेच. इंजिन थोडं फिरवून ठेवलं की आवाज बदलतो. तुम्हाला शोधायचेत ते फेस करणारे बुडबुडे.

होज दाबून, वाकवून बघा. काही चिरा नुसत्या उभ्या गाडीत बंद असतात, दाब आला आणि होज फुगला की उघडतात. टर्बोने दाबलेली हवा पूर्ण लोडवर दीडशे अंशांच्या आसपास तापलेली असते, त्यात रबर मऊ पडतं. म्हणून थंड गाडीवर हाताने चाचपून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कळंबोली_नाका

काका, बोललो त्याबद्दल माफी 🙏 पण खरं सांगतो, आमच्याकडे एवढा वेळ कुणालाच नसतो. गाडीवाला म्हणतो संध्याकाळी बंदराच्या गेटला लागायचंय, जे बदलायचं ते बदल. मिस्त्री मग सगळ्यात मोठा पार्ट बदलतो.

घाटमाथा

यात मिस्त्रीचा एकट्याचा दोष नाही हे खरंय. निदानाचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं, पार्टचे सगळे देतात. दोन तास गळती शोधून पन्नास रुपयांची क्लिप बदलली तर मिस्त्रीने बिल कशाचं करायचं?

नाशिकरोड_पुलर

टेस्ट केली. पंक्चरवाला हसत होता आधी, नंतर तोच स्प्रे मारायला लागला.

दोन ठिकाणी सापडलं. इंटरकूलरच्या खालच्या होजची क्लिप: वरून घट्ट, पण आत पट्टी वाकडी बसलेली आणि होज तेलकट, त्यामुळे पाइपवरून अर्धा इंच सरकलेला. तिथे फेस जोरात. आणि इंटरकूलरच्या डाव्या टाकीचा खालचा कोपरा, जिथे ब्रॅकेट घासतो, तिथे वेल्डच्या कडेने नखाएवढी चीर. ती बाहेरून दिसतच नव्हती, वर काळा चिकट थर होता. तो पुसला, साबण मारला तर उतू जाणाऱ्या भातासारखा फेस.

क्लिप टी-बोल्टवाली टाकली. इंटरकूलर काढून ॲल्युमिनियम वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, ब्रॅकेटखाली रबर दिलं.

आता वाईट बातमी. धूर कमी झाला, शिट्टीही उतरली, पण बूस्ट 0.8 च्या वर जात नाही. घाट थर्डला निघतो, पण रडत रडत. अजून काहीतरी आहे.

सातारी_डिझेल

वेल्ड केल्यावर इंटरकूलर वेगळा तपासला का? दोन्ही तोंडं बंद करून 30 पीएसआय भरायचं, पुरवठा बंद करायचा आणि 15 सेकंद बघायचं. 7 पीएसआयपेक्षा जास्त उतरला नाही तर तो पास. पाण्यात बुडवून बुडबुडे मोजत बसायची गरज नाही, बारीक बुडबुडे चालतात.

नाशिकरोड_पुलर

वेल्डिंगवाल्याने बसवायच्या आधी तसंच तपासून दिलं. 2-3 पीएसआय उतरला. पास.

पंपवाले_काका

म्हणजे हवेची बाजू झाली. आता एक्झॉस्टकडे वळा. तीन गोष्टी, या क्रमाने.

वेस्टगेट. ॲक्च्युएटरची (हवेच्या दाबाने वेस्टगेटची दांडी हलवणाऱ्या डबीची) नळी काढा, रेग्युलेटरने हळूहळू हवा द्या. दांडी एक बारच्या आत हलायला नको, वरच्या दाबाला हलायला हवी, आणि हवा बंद केल्यावर दाब टिकला पाहिजे. दांडी अर्धवट उघडी अडकली असेल तर एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून निघून जातो. काही जण ॲक्च्युएटरची नळीच काढून टाकतात, बूस्ट वाढतो म्हणून. वाढतो, आणि थांबत नाही. हेड गॅस्केट आणि टर्बो दोन्ही धोक्यात.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. गॅस्केट किंवा मॅनिफोल्डला तडा असेल तर जोडावर काजळीचे काळे ओघळ दिसतात आणि थंड इंजिन चालू करताना टिकटिक ऐकू येते. टर्बोच्या आधी गळलेला एक्झॉस्ट म्हणजे वाया गेलेला बूस्ट.

एक्झॉस्ट ब्रेक. हे कुणी बघतच नाही. टर्बोच्या मागे पाइपमध्ये जी फुलपाखरासारखी पट्टी असते, ती एअर सिलिंडरने बंद होते आणि स्प्रिंगने परत उघडते. काजळी धरली, स्प्रिंग ढिली पडली किंवा सिलिंडरची हवा पूर्ण सुटली नाही तर ती अर्धवट बंद राहते. टर्बोच्या मागे दाब साचतो. टर्बाइन (टर्बोचा एक्झॉस्टकडचा पंखा) पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर फिरतं, मागे अडवलं की ते मंदावतं. बूस्ट कमी, धूर काळा, तापमान जास्त.

घाटमाथा

काका, तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर पैज. घाटात चालणाऱ्या गाड्यांचा एक्झॉस्ट ब्रेक उतरताना सतत वापरला जातो. आणि चढताना त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

नाशिकरोड_पुलर

घाटमाथा भाऊ, पैज जिंकलात.

वेस्टगेट बरोबर निघाला, दांडी 1.1 च्या जवळ हलायला लागली आणि दाब टिकला. मॅनिफोल्डला काही नाही. एक्झॉस्ट ब्रेकला मिस्त्री म्हणाला ‘तो चालतोय, उतरताना गाडी धरते की’. धरते हे खरं. पण सुटत नव्हती. ब्रेक बंद असताना लिव्हर स्टॉपरला टेकायला हवा, तो बोटभर अलीकडेच थांबत होता. हाताने ढकलला तर टेकला, सोडला की परत अलीकडे.

पाइप सोडवून आत टॉर्च मारला. पट्टीच्या शाफ्टभोवती काजळी अशी जमली होती की स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावी लागली. स्प्रिंग नवीन, शाफ्ट साफ, सिलिंडरची एक्झॉस्ट पोर्टची जाळी पण तुंबलेली होती, ती धुतली. आता लिव्हर टक्कन स्टॉपरला टेकतो.

तोच घाट, साधारण तेवढंच वजन. 1.2 बार. धूर फक्त गिअर बदलताना, क्षणभर. मिस्त्रीने स्वतः केबिनमध्ये बसून गेज बघितलं.

कळंबोली_नाका

ती पट्टी काढूनच टाकायची ना मग. आमच्याकडे बरेच जण काढतात, डोक्याला ताप नाही.

सातारी_डिझेल

40 टन घेऊन कसारा उतरायचा आणि एक्झॉस्ट ब्रेक नाही? ड्रम तापून ब्रेक फेड झाले की पुढे काय होतं ते घाटातल्या दरीकडे बघून कळतं. त्याला पाच मिनिटं लागतात साफ करायला. दर सर्व्हिसला लिव्हर हाताने हलवून बघायचा, बस.

पंपवाले_काका

नाशिककर, उत्तम काम केलंत. गेज काढू नका, कायम ठेवा. उद्या 1.2 चा 1.0 झाला की घाटात अडकण्याआधी कळेल. ड्रायव्हरला एकदा दाखवून ठेवा की चढाला काटा कुठे असतो.

खालच्या होजमध्ये तेल होतं म्हणालात. पाइप कोरडे पुसून घ्या, आणि महिन्याभराने परत तेल दिसलं तर टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप काढून बघा. तो वाकला किंवा आत गाळ धरला तर तेल खाली उतरत नाही आणि सीलमधून बाहेर येतं. तिथेही लोक टर्बोच बदलतात.

नाशिकरोड_पुलर

बघतो काका. शिंग्रोबाला नारळ फोडावा तसा तुम्हाला एक फोडायला हवा. पण माझा रस्ता कसाऱ्याचा, खंडाळ्याला जाणं होत नाही 🙂

टेक्सासचा_मराठी

मस्त धागा. व्हीजीटी टर्बोवाल्यांसाठी एवढंच: आमच्याकडे वेस्टगेटच्या जागी टर्बाइनभोवती हलणारी पाती असतात. गाडी तासन्‌तास आयडलिंगवर ठेवली, एसी लावून वगैरे, की ती काजळीने अडकतात. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकला तरी बूस्ट पडतो, कारण एक्झॉस्टचा काही भाग टर्बोपर्यंत पोहोचतच नाही. बाकी क्रम अगदी काकांनी सांगितला तोच.

चाकण_6चाकी

उशिरा आलो. माझी बीएस 6 गाडी, चाकणहून माल घेऊन जातो. बोरघाटात अचानक ताकद गेली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. धूर नाही. हाच प्रकार का? मी पण साबणपाणी घेऊन बसू?

घाटमाथा

थांबा, साबणपाणी नंतर. बीएस 6 मध्ये धूर दिसत नाही कारण डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) तो अडवतो, त्यामुळे काकांची धुराची खूण इथे चालत नाही. आणि ‘अचानक’ म्हणालात. होज निसटला तर तसं होऊ शकतं, पण दिवा लागलाय म्हणजे ईसीयूने स्वतःहून ताकद कापली असण्याची शक्यता जास्त. डीपीएफ भरला, एक्झॉस्ट साफ करायला लागणारा युरिया संपला किंवा पाणी मिसळलेला भरला, नॉक्स सेन्सर गेला, बूस्ट ठरल्यापेक्षा कमी आला, या सगळ्यांत तो दिवा लागतो.

कोड वाचून घ्या आणि इथे टाका. कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढायला सांगा, त्यात दिवा लागला त्या क्षणाचा आरपीएम, लोड आणि मॅनिफोल्डचा दाब असतो. तो दाब ॲब्सोल्यूट असेल, वर टेक्सासवाल्यांनी लिहिलंय तसा. युरिया शेवटचा कुठे भरला होता, सुटा की सीलबंद कॅनचा, तेही सांगा.

चाकण_6चाकी

सुटा. ढाब्यावरून. उद्या कोड काढतो.